वजन उतरले, पण छातीतील गाठ गेली नाही : शस्त्रक्रिया करून घ्यावी का?

प्रश्न : खानापूरकर

सर्वांना नमस्कार. माझे वय 25 असून गाव खानापूर तालुक्यात आहे आणि नोकरीसाठी मी रोज बेळगावला उद्यमबागेतील एका कारखान्यात येतो. नववी-दहावीत असताना माझी दोन्ही बाजूंची छाती वाढू लागली. वयात येताना असे होतेच, आपोआप जाईल, असे त्या वेळी गावातील डॉक्टरांनी सांगितले आणि घरच्यांनीही विषय तिथेच सोडला. ती वाढ मात्र गेली नाही. कॉलेजात असताना माझे वजनही बरेच वाढले होते. पुढे धावणे सुरू केल्यावर आणि जेवण आटोक्यात ठेवल्यावर ते उतरले, पोट आत गेले, चेहरा बारीक झाला, पण छाती होती तशीच राहिली. उलट बाकीचे अंग सडपातळ झाल्यामुळे ती आता अधिकच डोळ्यांत भरते. स्तनाग्राखाली दाबून पाहिल्यास एक चकती हाताला लागते. डावीकडची थोडी मोठी आहे. ती दुखत नाही.

शर्टाच्या आत एकावर एक दोन बनियन घालण्याची सवय एप्रिलच्या उकाड्यातही सुटत नाही. मलप्रभेत पोहायला जाणे कधीच बंद झाले. गोकर्णाला शर्ट काढून दर्शनाला जावे लागते, म्हणून मी बाहेर सर्वांच्या चपला सांभाळत बसलो आणि आईला पोट बिघडल्याचे सांगितले. आता घरी माझ्या लग्नाची बोलणी चालू आहेत आणि हळदीला उघड्या अंगाने पाटावर बसावे लागणार, हा विचार मनातून जात नाही.

हे दुखणे आहे की केवळ दिसण्याचा प्रश्न आहे, व्यायामाने अथवा औषधाने जाण्याची काही आशा आहे का, आणि शस्त्रक्रियाच करायची झाली तर ती बेळगावात करावी की कोल्हापूर-पुण्याला जावे, हे मला जाणून घ्यायचे आहे. मोबाइलवर सारख्या दिसणाऱ्या एका जाहिरातीत 'एका दिवसात घरी, डाग नाही, पुन्हा कधीच होणार नाही' असे लिहिलेले असते. त्यात कितपत तथ्य आहे?

उत्तर : निपाणीकर

मी या शस्त्रक्रियेतून दोनदा गेलो आहे, म्हणून लिहितो. पहिल्यांदा एका शहरातील खासगी दवाखान्यात माझी केवळ चरबी ओढून काढली. सूज ओसरल्यावर दिसले ते असे की छातीचा घेर कमी झाला, पण मधली गाठ तशीच राहिली आणि भोवतीची चरबी गेल्याने ती टोकासारखी पुढे आली. 'गाठ काढली का?' या प्रश्नाला तिथे शेवटपर्यंत सरळ उत्तर मिळाले नाही. पुढे कोल्हापुरात दुसऱ्या सर्जननी स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या खालच्या कडेने छेद घेऊन ती काढली आणि काढलेला भाग मला बाटलीत दाखवला. तेव्हा आपण डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारावा की चरबी काढणार, ग्रंथी म्हणजे ती गाठ काढणार की दोन्ही, आणि ते उत्तर कागदावर लिहून घ्यावे.

दुखण्याचे म्हणाल तर ते सोसण्यासारखे असते. खरा त्रास त्या घट्ट जाकिटाचा होतो. छातीवर चेन असलेले ते जाकीट काही आठवडे रात्रंदिवस घालावे लागते आणि घामाने त्याखाली खाज सुटते. दोन जाकिटे घ्यावीत, म्हणजे एक वाळत घालता येते. शक्य असल्यास दिवाळीनंतरचा काळ निवडावा. सुरुवातीला हात डोक्याच्या वर नेता येत नाहीत, त्यामुळे गळ्यातून घालायचे कपडे बाजूला ठेवून बटणांचे शर्ट वापरावेत. मोटारसायकल तर आपल्याकडच्या रस्त्यांवर मुळीच चालवू नये. स्तनाग्राभोवतीचा भाग माझ्या बाबतीत कित्येक महिने बधिर होता. नंतर संवेदना हळूहळू परत आली.

उत्तर : हुक्केरीचे गुरुजी

मी हायस्कूलमध्ये शिक्षक होतो. आठवी-नववीतील मुलांत हा प्रकार मी वर्षानुवर्षे पाहिला आहे. पी.टी.च्या तासाला खाली मान घालून उभी राहणारी ती मुले पुढे उंच-निंच होऊन भेटायला येत आणि त्यांच्या छातीचे काही नावही उरलेले नसे. ज्याने जिवाला धोका नाही, त्यासाठी अंगाला सुरी का लावून घ्यावी? लग्नासाठी म्हणाल, तर जी मुलगी एवढ्यावरून नकार देईल, तिच्याशी संसार तरी कसा होणार? हे पैसे राखून ठेवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर : शल्यचिकित्सक, बेळगाव

मी प्लास्टिक सर्जरी करतो. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय कोणालाही निदान सांगता येत नाही, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

गुरुजींचे निरीक्षण त्या वयापुरते अगदी बरोबर आहे. तेरा-चौदाव्या वर्षी निम्म्याहून अधिक मुलांना कमी-अधिक प्रमाणात अशी वाढ होते आणि बहुतेकांची ती सहा महिने ते दोन वर्षांत ओसरते. म्हणूनच चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन येणाऱ्या पालकांना मी बहुधा परतच पाठवतो. पण वर्ष-दीड वर्ष टिकून राहिलेली आणि सतरा-अठरानंतरही न गेलेली वाढ ही वेगळी गोष्ट आहे. तोवर त्या ग्रंथीत तंतुमय भाग तयार झालेला असतो आणि तो धावण्याने, दंड-बैठकांनी किंवा बाजारातल्या कोणत्याही मलमाने विरघळत नाही. टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्यांचा उपयोग वाढ नवी आणि दुखरी असताना काही रुग्णांना होतो. दहा वर्षे जुन्या गाठीवर त्या घेण्यात अर्थ नाही, आणि मनाने तर कधीच घेऊ नयेत.

मुळात आपली वाढ ग्रंथीची आहे की चरबीची, हे ठरवणे ही पहिली पायरी होय. रुग्णाला उताणे झोपवून आम्ही अंगठा आणि तर्जनी छातीच्या दोन बाजूंना ठेवतो आणि हळूहळू स्तनाग्राकडे आणतो. ग्रंथी असेल तर स्तनाग्राच्या बरोबर खाली, त्याच्याभोवती सारखी पसरलेली, रबरासारखी चकती बोटांना अडते. नुसती चरबी असेल तर बोटे काहीही न अडता एकमेकांना भेटतात. आपण केलेल्या वर्णनावरून ग्रंथी असण्याची शक्यता अधिक वाटते, आणि वजन उतरूनही ती का राहिली याचा उलगडाही त्यातच आहे. बऱ्याच जणांत दोन्ही मिसळलेले असते. निपाणीकरांच्या बाबतीत जे घडले ते मी इतर रुग्णांतही पाहिले आहे : लायपोसक्शनची नळी मऊ चरबी ओढते, घट्ट ग्रंथी तिला सहसा दाद देत नाही.

दुसरी पायरी म्हणजे कारण शोधणे, आणि घाईघाईत हीच सर्वांत जास्त वगळली जाते. पुरुषाच्या शरीरातही इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन असते. त्याचे आणि टेस्टोस्टेरॉन या पुरुष-हार्मोनचे प्रमाण बिघडले की ही ग्रंथी वाढते. रक्तदाबाच्या किंवा यकृताच्या विकारात दिली जाणारी स्पायरोनोलॅक्टोन, काही मानसोपचारातील औषधे, प्रोस्टेटवरील औषधे, दीर्घकाळचे मद्यपान, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, थायरॉइडचे वाढलेले काम, अशी कारणांची यादी मोठी आहे. आपल्या भागात तालीम आणि जिम या दोन्हींचे वेड आहे, ते चांगलेच आहे. परंतु स्पर्धेच्या तोंडावर कोणीतरी आणून दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनंतर स्तनाग्र दुखू लागलेली तरुण मुले माझ्याकडे येतात आणि त्यांतील बहुतेकजण आईवडिलांसमोर ते इंजेक्शन कबूल करत नाहीत. त्यांना मी एकट्याने परत बोलावतो.

तपासणीत वृषणेही पाहिली पाहिजेत. संकोच वाटला तरी नाही म्हणू नये, कारण क्वचित वृषणातील गाठ छातीच्या वाढीवरूनच प्रथम लक्षात येते. वृषणे लहान आणि घट्ट असतील तर क्लाइनफेल्टर सिंड्रोमचा, म्हणजे एक एक्स गुणसूत्र जादा असण्याचा, विचार करावा लागतो. गरजेनुसार टेस्टोस्टेरॉन, एलएच, प्रोलॅक्टिन, बीटा-एचसीजी ही हार्मोन्स, थायरॉइड, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या रक्ततपासण्या व छातीची सोनोग्राफी करतात. किशोरवयापासून तशीच असलेल्या वाढीत बहुधा काही सापडत नाही. तरीही तपासावे.

वाढ एकाच बाजूला, दगडासारखी कडक आणि स्तनाग्रापासून सरकलेली असेल, स्तनाग्रातून रक्त येत असेल, कातडी आत ओढली जात असेल किंवा काखेत गाठ लागत असेल, तर दिसण्याचा विचार बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी साधारण एक टक्का पुरुषांत होतात आणि ते बहुतेक उतारवयात. हे पंचवीस वर्षांच्या मुलाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. हा प्रश्न वाचून आपली छाती चाचपणाऱ्या त्याच्या वडिलांसाठी लिहितो.

आता शस्त्रक्रियेविषयी. पुरुषाच्या स्तनाचा वाढलेला भाग कापून काढण्याचे वर्णन सातव्या शतकातील ग्रीक वैद्य पॉल ऑफ एजिना याने केलेले आहे, त्यामुळे ही आजकालची हौस आहे असे म्हणता येत नाही. काळ्या वर्तुळाच्या कडेने अर्धगोल छेद घेण्याची पद्धत 1946 मध्ये वेब्स्टर या अमेरिकी सर्जनने मांडली आणि आजही आम्ही मुख्यतः तीच वापरतो. लायपोसक्शनची जोड तिला नंतर मिळाली. आधी भोवतीची चरबी ओढून उंचवटा सारखा करायचा आणि मग त्या छेदातून ग्रंथी काढायची, असा क्रम असतो. ग्रंथी समूळ काढण्याच्या नादात स्तनाग्राखालचा पातळ थर ठेवला नाही, तर तेथे खळगा पडतो आणि मग रुग्ण उंचवट्याऐवजी खळगा लपवू लागतो. कातडी फार लोंबत असेल तर तिचाही भाग काढावा लागतो आणि व्रण मोठा होतो. काढलेला भाग पॅथॉलॉजी तपासणीस पाठवावा. तसा आग्रह आपणही धरावा.

जाहिरातीतले 'एका दिवसात घरी' हे बहुतेक खरे असते. 'डाग नाही' हे खरे नाही. डाग असतो, फक्त काळ्या आणि गोऱ्या कातडीच्या सीमेवर लपतो आणि काही महिन्यांत फिका होतो, मात्र ज्यांच्या अंगावर जुन्या जखमांचे व्रण फुगून राहतात त्यांनी ते आधी सांगावे. 'पुन्हा कधीच होणार नाही' हे कोणत्याही प्रामाणिक सर्जनने लिहू नये, कारण वजन परत वाढले, स्टेरॉइड घेतले किंवा मूळ कारण चालूच राहिले तर वाढ परत होऊ शकते. आत रक्त साकळणे, पाणी साचणे, दोन्ही बाजूंत थोडा फरक राहणे आणि बधिरपणा हे धोके लेखी सांगितले गेले पाहिजेत. बैठे काम आठवड्याभराने बहुधा करता येते. कारखान्यातील उचलाउचल आणि व्यायाम यांना चार ते सहा आठवडे लागतात.

निपाणी-चिकोडी भागातील रुग्णांना मी एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगतो. विडी, सिगारेट आणि तोंडातली तंबाखू शस्त्रक्रियेआधी किमान चार आठवडे आणि जखम भरेपर्यंत बंद असली पाहिजे. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि स्तनाग्राचा रक्तपुरवठा आधीच नाजूक झालेला असताना तेथील कातडी काळी पडून गळू शकते.

गावाचे म्हणाल तर बेळगाव की कोल्हापूर यापेक्षा शस्त्रक्रिया कोण करणार हे महत्त्वाचे आहे. प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा त्या विषयातील डी.एन.बी. ही पदवी पाहावी, राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडील नोंदणी पाहावी, भूल देणारे तज्ज्ञ कोण हे विचारावे, आणि जे डॉक्टर तपासतात तेच हात लावणार आहेत ना, याची खात्री करावी. रक्त साकळण्याचा धोका पहिल्या दिवसा-दोन दिवसांत सर्वाधिक असतो. एक बाजू अचानक फुगून ताठ झाली तर त्याच रात्री रुग्णालयात परतावे लागते आणि खानापूरहून पुणे हे तसे अंतर नव्हे.

गुरुजींच्या शेवटच्या मताशी मात्र मी सहमत नाही. जो तरुण वर्षानुवर्षे नदीत उतरला नाही आणि देवळाबाहेर चपला राखत बसला, त्याच्या जिवाला धोका नव्हता हे खरे. त्याने काही गमावले नाही असे मात्र मला म्हणता येणार नाही. शस्त्रक्रिया करावीच असा माझा आग्रह नाही. ती न करता उघड्या अंगाने कुस्ती खेळणारे गडीही मी पाहिले आहेत.

उत्तर : निवृत्त सुभेदार, हिंडलगा

प्रश्नकर्त्याचा हा विषय नाही, पण हे वाचणाऱ्या भरतीच्या मुलांसाठी लिहितो. आपल्या भागातील घराघरांतून मुले मराठा रेजिमेंटच्या आशेने पहाटे धावतात. सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत छातीची अशी वाढ नोंदवली जाते आणि त्यावरून उमेदवाराला अपात्र ठरवले जाऊ शकते. तसे झाल्यास कारण लेखी मिळते आणि पुन्हा तपासणीची सोय कोठे व किती मुदतीत आहे, हे तेथेच विचारून घ्यावे. 'मेडिकल पास करून देतो, अमुक दवाखान्यात ऑपरेशन करा' असे सांगणारे लोक मैदानाबाहेर उभे असतात, त्यांना एक रुपयाही देऊ नये. भरतीच्या तोंडावर घाईने शस्त्रक्रिया केली तर ओल्या टाक्यांनिशी धावण्याची पाळी येईल, एवढे ध्यानात ठेवावे.

उत्तर : विमा प्रतिनिधी, शहापूर

खर्चाचा मुद्दा राहिला आहे. रुग्णालय, भूल आणि कातडी काढावी लागते की नाही यांवर तो अवलंबून असतो. साधारण पन्नास हजारांपासून लाख-सव्वा लाखापर्यंतचे आकडे ऐकू येतात. जाकीट, रक्ततपासणी आणि पॅथॉलॉजी त्यात धरली आहे का, हे विचारावे.

आरोग्य विम्यात दिसण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया वगळलेली असते. पॉलिसीच्या कागदांत 'वगळलेल्या बाबी' या भागात ते संकेतांक 08 खाली छापलेले सापडेल. त्याच कलमात अपघात, भाजणे, कर्करोग आणि वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार यांचा अपवाद आहे, आणि ती आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित करावी लागते. म्हणून सोनोग्राफीचा अहवाल आणि डॉक्टरांचे पत्र जोडून पूर्वमंजुरी मागावी. नकार आला तर तो लेखी घ्यावा. आयुष्मान भारतमध्ये सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया बसत नाहीत. महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील 865 गावांना लागू केली, तिच्याविषयीही लोक विचारतात. पण त्या भरवशावर तारीख ठरवू नये, आधी रुग्णालयातील आरोग्यमित्राशी बोलावे.

आणखी एक. आपल्याकडे संमतीपत्र बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत छापलेले असते. स्ट्रेचरवर पडून सही करण्याऐवजी ते आदल्या दिवशी घरी आणावे, वाचणाऱ्याकडून मराठीत समजून घ्यावे आणि मगच सही करावी.

खानापूरकर

आपण सर्वांनी इतक्या मोकळेपणाने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. गुरुजी, आपण रागावू नये. लग्नाचे केवळ निमित्त झाले आहे. डॉक्टरसाहेब, औषधांची यादी वाचून एक गोष्ट आठवली. केस गळतात म्हणून मी गेले काही महिने फिनास्टेराइडची गोळी आणि त्यासोबत बायोटिनची एक गोळी घेतो. त्यांचा याच्याशी काही संबंध असेल का, आणि रक्त देण्यापूर्वी त्या बंद कराव्यात का?

शल्यचिकित्सक, बेळगाव

बरे झाले विचारलेत. फिनास्टेराइडमुळे स्तनग्रंथी वाढू शकते, असे त्या गोळीच्या माहितीपत्रकातही छापलेले असते. आपली वाढ दहावीपासूनची असल्याने तिचे मूळ या गोळीत नाही, पण अलीकडे गाठ वाढल्यासारखी किंवा दुखरी वाटत असेल तर गोळीने भर घातलेली असू शकते. ती देणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञांशी बोलून थांबवावी आणि काही महिने वाट पाहावी. भर घालणारे कारण चालू असताना शस्त्रक्रिया करण्यात हशील नाही. बायोटिनने छातीला काही होत नाही, मात्र मोठ्या मात्रेत ते थायरॉइड आणि हार्मोनच्या तपासण्यांचे आकडे चुकीचे दाखवू शकते, म्हणून रक्त देण्याच्या किमान दोन-तीन दिवस आधी ते बंद करावे आणि लॅबमध्येही तसे सांगावे. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असते. नमुना आठ ते दहाच्या दरम्यान द्यावा, त्यासाठी पहिल्या पाळीची सुट्टी घ्यावी लागेल.